मागच्या खोलीतला धबधबा

पुंजाराम मोकासे वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि सिडकोतलं रो-हाऊस विकून पिशोरला शेतात जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं. त्यांच्या बायकोची, आशाबाईंची, काही हरकत नव्हती.

श्रीनिवास नावाचे दलाल घर बघून गेले. जाताना म्हणाले, "पुंजारामभाऊ, मागच्या खोलीची भिंत ओली आहे. वरच्या टाकीचा पाइप गळतोय, तेवढा बदला आणि रंग द्या. मग मी सांगितला तेवढा भाव नक्की येईल."

पुंजारामना हा सल्ला फारच किरकोळ वाटला. "पाइप कोण बघतंय?" ते आशाबाईंना म्हणाले. "पोरगी दाखवायची म्हणल्यावर नटवतेत का नाय? घराचं बी तसंच राहतंय."

त्यांनी बैठकीला पीओपीचं छत करून घेतलं आणि त्यात जांभळे दिवे बसवले. मागच्या खोलीच्या ओल्या भिंतीवर धबधब्याचं मोठं चित्र चिकटवलं. मग शहागंजात एका बंद पडलेल्या हॉटेलचं सामान विकायला आलं होतं, तिथून ते पांढराशुभ्र बाथटब घेऊन आले.

टब न्हाणीघराच्या दारातून आत जाईना. रामकिसन मिस्त्रींनी परसातली भिंत फोडून तो आत घेतला आणि भिंत पुन्हा बांधली. मग लक्षात आलं, की दार आतल्या बाजूला उघडतं आणि टबाला अडतं. लावायचं तर आधी टबात उभं राहावं लागे.

"आवं, पण यात आंघोळ करायची कशी?" आशाबाईंनी विचारलं. "नळ येतोय आठ दिसाला. हे भरलं तर प्यायचं काय?"

"आपल्याला कुठं करायचीय? घेणाऱ्याला करू दे."

नळ आला तेव्हा आशाबाईंनी टब काठोकाठ भरला, वर फळी टाकली आणि फळीवर पापड वाळत घातले. आंघोळ दोघंही परसात बादलीनं करू लागले.

श्रीनिवास पहिलं गिऱ्हाईक घेऊन आले. निवृत्त मुख्याध्यापिका दमयंतीबाई आणि त्यांची बँकेत नोकरी करणारी मुलगी उमा. पुंजारामनी खिडक्या लावून घेतल्या आणि जांभळे दिवे लावले. सगळ्यांचे चेहरे वांग्यासारखे दिसू लागले.

दमयंतीबाईंनी चष्मा पुसून पाहिला. "इथं आधी दवाखाना होता का?"

"नाय, नाय. फॅशन हाय ही."

न्हाणीघरात उमानं फळी उचलून पाहिली. "काका, हे पापड?"

"ते घरासोबत नायत," आशाबाई घाईनं म्हणाल्या.

मागच्या खोलीत पुंजारामनी सगळ्यांना आधी दाराशी थांबवलं आणि मग एकदम दिवा लावला. धबधबा सुंदर दिसत होता. दमयंतीबाई जवळ गेल्या, त्यांनी चित्रावरून हात फिरवला आणि ओला झालेला हात बघत राहिल्या. टाकीचा पाइप आता चांगलाच गळत होता. डोंगराच्या टोकापासून खरं पाणी ओघळत खाली फरशीवर येत होतं.

"हे ओलं कसं?"

"जिवंत वाटतंय ना?" पुंजाराम म्हणाले.

श्रीनिवासनी दुसरीकडं तोंड फिरवलं. तेवढ्यात चित्राचा वरचा कोपरा सुटला आणि अख्खा धबधबा पुंजारामच्या डोक्यावर येऊन पडला. आतून त्यांचा आवाज आला, "बाकी घर मजबूत हाय."

उमा हसता हसता खाली बसली. दमयंतीबाईंनी मात्र मुख्याध्यापिकेच्या आवाजात हिशेब मांडला. घर पसंत होतं, स्वयंपाकघरात ऊन छान येत होतं. पण टब काढणं, दिवे काढणं आणि भिंत दुरुस्त करणं, एवढा खर्च त्या किमतीतून वजा करणार होत्या. पुंजारामचा चेहरा उतरला. दिवे तरी आवडतील, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

आशाबाई मधे पडल्या. "बाई, पाइप आम्ही बदलतो, भिंत नीट करतो. टब आन् दिवे आमचे आम्ही घेऊन जातो. मग तर श्रीनिवासभाऊंनी पयल्या दिवशी सांगितला तेवढा भाव द्याल?"

"देऊ की," दमयंतीबाई म्हणाल्या. "आणि थोडे पापडही द्या."

पाइप एका दुपारीत बदलून झाला. रामकिसन मिस्त्रींनी परसातली तीच भिंत पुन्हा फोडली, टब बाहेर काढला आणि पुन्हा बांधली. आता वीट न वीट ओळखीची झाली आहे, असं ते म्हणाले.

सामान टेम्पोत भरलं तेव्हा पुढं ड्रायव्हरशेजारी एकच जागा उरली. ती आशाबाईंनी घेतली. पुंजाराम मागं टबात बसले, कारण दुसरीकडं पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हासाठी त्यांनी डोक्याला पांढरा पंचा गुंडाळला होता.

हर्सूलच्या सिग्नलला टेम्पो थांबला. रस्त्याकडेच्या एका म्हातारीनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं, मग जवळ येऊन हात जोडले आणि विचारलं, "कुठले म्हाराज?"

"पिशोरचे," पुंजाराम म्हणाले.

म्हातारीनं टबात दोन केळी ठेवली. सिग्नल सुटला. फुलंब्री यायच्या आत त्यांनी दोन्ही खाल्ली.