पोल्का सुरू झाली आणि मी अडलो

मी एक जुना उजवा गुडघा आहे. माझा मालक डेल्बर्ट अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये घरोघरी गालिचे बसवतो. त्याच्यावर मी सूड उगवला, त्याची ही हकिगत. पश्चात्तापाची अपेक्षा धरून बसू नका.

मित्रांनो, आधी माझी घडण ऐका. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. दोघांची टोकं गुळगुळीत कूर्चेनं मढवलेली. मधे चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखं वंगण. हाडाला हाड बांधून ठेवतात ते अस्थिबंध: दोन्ही अंगांना एकेक, आणि आत एकमेकांवर फुली मारून दोन. ते नसते, तर डेल्बर्टची मांडी एकीकडे आणि नडगी दुसरीकडे गेली असती. अशी कारागिरी, आणि या माणसानं तिची हातोडी केली!

गालिचा ताणायला त्याच्याकडे एक अवजार आहे. एका टोकाला दात, दुसऱ्या टोकाला उशी. दात गालिच्यात रुतवायचे आणि उशीवर गुडघ्यानं धडक द्यायची. दिवसभर, खोलीमागून खोली. तुकडे जोडून लांब काठी करायचं दुसरं अवजारही गाडीत असे. ते समोरच्या भिंतीला टेकवून दाबलं की झालं. गुडघा लागतच नाही. त्याचा जोडीदार नॉर्बर्ट तेच वापरी.

"काय आजीबाई, जोडली का काठी?" डेल्बर्ट ओरडे. "माझी खोली उरकलीसुद्धा!"

"उरक बाबा," नॉर्बर्ट म्हणे. "गुडघा तुझा, धडक तुझी."

मी सुजलो, कुरकुरलो, जिना उतरताना कळा दिल्या. त्यानं मला शिवी हासडली आणि गोळी गिळली. शेवटी माझी एक गादी फाटली. तिच्या आतल्या काठाला रक्त पोचत नाही. तिथलं फाटलेलं सहसा जुळून येत नाही. एक तुकडा लोंबत राहिला. मी तो जपून ठेवला. हत्यार कुणी टाकून देतं का?

डेल्बर्टला जगात हौस एकच, पोल्का नाचाची. बायको आर्लीन त्याला भेटली तीही चर्चच्या हॉलमध्ये, पोल्का नाचताना. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याच हॉलमध्ये तळलेले मासे, बिअर, अकॉर्डियन आणि झाडून सगळा गाव. त्याआधी आठवडाभर तो स्वयंपाकघरात एकटाच गिरक्या घेत होता. मी हूं की चूं केलं नाही. त्याला वाटलं, गुडघा बरा झाला.

हॉलमध्ये पोल्का सुरू झाली. दुसऱ्याच गिरकीला त्याचं पाऊल रोवलेलं, मांडी वळलेली. मी तो तुकडा हाडांच्या मधे सारला. खट्!

"आर्लीन, पाय सरळच होईना गं!"

"इतकी वर्षं तो गुडघा बोलतोय," आर्लीन म्हणाली. "साहेबांना ऐकू आलं आज!" तिनं त्याला खुर्चीत बसवून माझ्यावर बर्फाची पिशवी आपटली.

नॉर्बर्ट पुढे आला. मुद्दाम दोन्ही गुडघे वाकवून बसला आणि टुणकन उठला मेला! "आर्लीन, आजीबाईशी नाचतेस का?"

दोघं हॉलभर फिरले. डेल्बर्टचा चेहरा मी खालून मन भरून पाहिला. मग सवयीनं तालावर वाकायला गेलो, आणि अडलो. धडक सोडून माझ्या नशिबी दुसरं काही असेल, तर तो हा नाचच होता.

पुढे डॉक्टरांनी तो तुकडा काढला, पण गिरक्या कायमच्या बंद केल्या. डेल्बर्ट आता निमूट काठी जोडतो. तरी मी माफ केलेलं नाही. मित्रांनो, तुमचा गुडघा कुरकुरतोय तोवरच त्याचं ऐका. आमच्याकडे आता अकॉर्डियन वाजलं की डेल्बर्ट आणि मी खुर्चीत बसून राहतो, एकमेकांशी अबोला धरून.