टेबलाखालचे पाय

मी एक टेबल बोलतोय. साधं, जेवणाचं. माझ्यावर काय मांडलंय ते सगळ्यांना दिसतं. माझ्याखाली काय चाललंय ते फक्त मला दिसतं, आणि मला घडवणाऱ्या सुतारानं चार पाय दिले पण तोंड काही दिलं नाही. आयुष्यभर हेच दुखणं वागवतोय.

सुतार खवट होता, पण हाताचा पक्का. मला घ्यायला नवराबायको आले, नवीनच लग्न झालेले. नवरा म्हणाला, "लग्नाइतकं टिकलं पाहिजे हं." सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "टेबलाची हमी देतो साहेब. दुसऱ्याची माझ्याकडे मागू नका." दोघं खूप हसले. मीही तेव्हा कोवळा होतो, मलाही ते गमतीचंच वाटलं.

सुरुवातीला वर ताटं असायची आणि खाली त्यांचे पाय एकमेकांना शोधत असायचे. नंतर ते नुसते शेजारी असायचे. मग एकेक पाय आपापल्या खुर्चीखाली गेला आणि तिथंच राहिला. वर बोलणं पूर्वीसारखंच चालू होतं, मीठ दे, गॅसवाला येऊन गेला का, वगैरे. लग्न मोडलंय हे त्यांच्या आधी मला कळलं होतं.

मधे मुलगी झाली. तिचे पाय कितीतरी वर्षं जमिनीला टेकत नव्हते. ती अभ्यासाला माझ्यावरच बसायची. एकदा कर्कटकाच्या टोकानं तिनं माझ्या कडेला एक घर कोरलं. भिंती झाल्या, छप्पर झालं, दार काढणार तेवढ्यात आईनं कर्कटक काढून घेतलं. मला त्या ओरखड्याचा कधी राग आला नाही.

घटस्फोटाचं ठरलं तेव्हा भांडण झालं नाही. त्या घराची रीतच तशी होती: कसलाही कागद करायचा तर मामांकडे जायचं. मामा म्हणजे नवऱ्याचे मामा, वकील. घराचं खरेदीखत त्यांनीच केलं, आजोबांचं मृत्युपत्र त्यांनीच लिहिलं. फी घेत नसत, जेवून जात. या दोघांचं स्थळही त्यांनीच आणलं होतं. "लग्न मीच जमवलं," ते माझ्यावर हात पसरून म्हणाले, "मोडायला तरी बाहेरचा कशाला?" आणि यावर सगळ्यांनी मान डोलावली, बायकोनंसुद्धा.

बायको औषधाच्या दुकानात काम करायची. गोळ्यांची पट्टी गिऱ्हाइकाला देण्याआधी तिच्यावरची तारीख दोनदा बघणारी बाई. पण मामांनी जिथं बोट ठेवलं तिथं ती सही करत गेली. संमतीचा घटस्फोट, घर नवऱ्याला, शाळा जवळ म्हणून मुलगीही नवऱ्याकडे, आईनं रविवारी भेटायला यायचं. रविवारचं वाचून तिचं पेन थांबलं. मामा म्हणाले की कागद कोर्टासाठी असतो, सूनबाई, घरात तू कधीही ये. आपल्या माणसानं इतकं गोड सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? मामांबरोबर त्यांच्या हाताखाली शिकणारी एक तरुण वकीलबाई असायची. ती नवऱ्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसायची आणि गुपचूप चहा प्यायची. ती तिथं कशाला येते हे कुणी विचारलं नाही.

शेवटच्या तारखेला अवकाश होता. तेवढ्यात दुकानातल्या एका मैत्रिणीनं बायकोला वाचनालयात नेलं. तिथं एक निवृत्त न्यायाधीशबाई शनिवारी कुटुंबाचा कायदा समजावून सांगायच्या. घरी आल्यावर माझ्यावर कोपर टेकून बायकोनं बहिणीला फोनवर सगळं सांगितलं, म्हणून मला कळलं. बाईंनी प्रत्येकीला विचारलं होतं, तुमचा वकील कोण? ही म्हणाली, मामा. बाई म्हणाल्या, "मामा तुमच्या नवऱ्याचे. तुमचं कोण?"

त्यानंतर ताटं उचलली की माझ्यावर पुस्तकं यायला लागली. ती बोट ठेवून, पुटपुटत वाचायची, समोर मुलगी गणितं सोडवायची. दोन्ही बाजूंना एकच वकील उभा राहू शकत नाही, हे तिला कळलं. म्हणजे आपल्या कागदावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव असणार, हेही कळलं. दिलेली संमती शेवटचा निकाल होईपर्यंत मागे घेता येते, ही ओळ तिनं तीनतीनदा वाचली. मुलीनं मधेच विचारलं, "आई, ताबा म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "जवळ ठेवणं." मुलगी म्हणाली, "मग मला कोण जवळ ठेवणार?" खाली आईचा पाय पुढं सरकला आणि मुलीच्या पायाला लागून राहिला.

शेवटच्या तारखेआधी मामा आले. बरोबर ती तरुण वकीलबाई, नेहमीच्याच खुर्चीवर. कागद पसरले गेले. बायकोनं पेन उचललंच नाही.

"मामा, माझा वकील कोण?"

मामा हसले. "ही काय, शेजारीच बसलीये."

बायको तिच्याकडे वळली. "मग ताई, तुम्ही माझ्याशी एकदाही बोलला नाहीत ते? आता सांगा. मी रविवारी आले आणि यांनी दार उघडलं नाही, तर मी काय करायचं?"

त्या वकीलबाईनं तोंड उघडलं. तिला उत्तर येत होतं, अगदी ओठावर होतं. आणि माझ्याखाली मामांचा पाय सरकला, तिच्या पायावर येऊन बसला. जोरात नाही. दिवा घालवायला बटण दाबावं तितपतच, सवयीनं.

"सर सांगतील," वकीलबाई म्हणाली.

बायकोला पाय दिसला नाही. तिला फक्त मिटलेलं तोंड दिसलं, आणि तेवढं तिला पुरलं. तिनं कागद गोळा करून मामांपुढं सरकवले आणि संमती मागे घेत असल्याचं सांगितलं.

"मामांवर विश्वास नाही तुझा?" नवरा म्हणाला.

"होता ना. म्हणून तर वाचलं नव्हतं."

मग तिनं स्वतःची वकील केली. नात्यातली ना गोत्यातली, हसणं माहीत नसलेली बाई. ती आली ती बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मुलीला डॉक्टरकडे कोण नेतं, शाळेत पालक म्हणून कोण जातं, एवढंच विचारत राहिली. चहासुद्धा घेतला नाही. मला ती पहिल्यांदा आवडली नव्हती. तिचे पाय मात्र दोन्ही स्वतःच्या जागी असायचे.

पुढं जे व्हायचं ते झालं. नातेवाइकांनी बायकोला भांडखोर ठरवलं. सख्ख्या भावानं तोंड फिरवलं. मामा सगळीकडे सांगत सुटले की पोरीसारखं वागवलं आणि हिनं हे पांग फेडले. तारखांवर तारखा पडल्या, मुलगी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली आणि माझ्यावर बसली की गणितं चुकवायला लागली. शेवटी मुलगी आईला मिळाली, घर गेलं. आईनं दोन लहान खोल्या घेतल्या. त्यांच्या दारातून मी आत जात नव्हतो. जाताना तिनं मला पुसलं, त्या बिनदाराच्या घरावरून फडकं जरा सावकाश फिरवलं आणि गेली. मुलीनं वळून पाहिलं. आईनं नाही.

नवऱ्याला मी डोळ्यांसमोर नको होतो. मामांनी मला आपल्या ऑफिसात नेलं. चढवताना हमालांच्या हातून निसटलो आणि माझा एक पाय अधू झाला. पुढं मामा थकले, आणि ऑफिस त्या तरुण वकीलबाईकडे आलं. आता तिला सगळे मॅडम म्हणतात. तिच्या हाताखालीही एक मुलगी शिकते.

काल एक जोडपं आलं. नवरा मॅडमच्या ओळखीतला. कागद पसरले. बाईचं बोट चाळा म्हणून माझ्या कडेच्या ओरखड्यावरून फिरत होतं. तिनं हळूच विचारलं, "माझा वकील कोण?"

मॅडम हसल्या. "ही काय, शेजारीच बसलीये."

त्या नव्या मुलीनं तोंड उघडलं. मॅडमचा पाय उचलला गेला आणि क्षणभर अधांतरी थांबला. मला वाटलं, आठवलं हिला. जिच्या पायावर तो पाय बसला होता तिला आठवणार नाही तर कुणाला? मग तो खाली आला, नव्या मुलीच्या पायावर, तितक्याच हलक्यानं.

मी माझ्याकडून होईल तेवढं केलं. अधू पायावर कललो. बाईचं पेन घरंगळत कडेपर्यंत गेलं. ते खाली पडलं असतं, ती वाकली असती, तिनं बघितलं असतं. पण तिनं ते वरच्या वर झेललं, माझ्यामुळं उगीच ओशाळली आणि सही केली.

तुम्हीही कधीतरी अशाच एखाद्या टेबलाशी सही करायला बसाल. सगळे ओळखीचे असतील, गोड बोलत असतील. तुमचं पेन घरंगळलं तर कृपा करून झेलू नका. पडू द्या, आणि उचलायला खाली वाका.