देच्का आजीचा फोटो

कामेन आमच्या दुकानात मॅनेजर म्हणून आला आणि सगळ्यात आधी त्याने दाराच्या काचेवरचे निधनाचे कागद खरवडून काढायला लावले. राजधानीतून, सोफियाहून आलेला पोरगा, कोरीव दाढी, हातात सतत फोन. म्हणाला, "इथे लोक खरेदीला येतात, श्रद्धांजलीला नाही." आता आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा काळापांढरा फोटो छापलेला कागद घराच्या दारावर लागतो, दिव्याच्या खांबावर लागतो, बसथांब्यावर लागतो. आणि सगळं गाव जिथे रोज एकदा तरी येतं त्या आमच्या दुकानाच्या दारावर तर लागतोच. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्षाला नवा. गाव रिकामं होत चाललंय. जाणारे एक तर जर्मनीला जातात नाहीतर वर जातात, आणि वर गेलेले निदान दारावर तरी दिसायचे. कामेनने काच लख्ख करून घेतली. पुसली मीच. मी गीना, चीजच्या काउंटरवर असते. तोंडाने फटकळ आहे, पण पगार बंद पडेल इतकं बोलत नाही.

चोऱ्या आधीही व्हायच्या. पोरं चॉकलेट खिशात घालायची, आम्ही कान पिळून सोडून द्यायचो. पण अलीकडे जे चाललंय त्याला काय म्हणावं कळत नाही. कॉफी कुलपाच्या डब्यात ठेवली तर डब्यासकट जाते. लोण्याला दारातून नेताना वाजणारी चकती लावायची वेळ येईल असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता रोज सकाळी मीच लावत बसते. पाठीवर सॅक अडकवलेले धडधाकट बाप्ये येतात, हाताने सगळं फडताळ सॅकमध्ये लोटतात आणि पुढच्या दारानेच बाहेर पडतात, वर "दिवस चांगला जावो" म्हणतात. पोलीस येतात, लिहून घेतात, आमचीच कॉफी पितात. आणि महिनाअखेरीला जी तूट निघते ती आम्हा सगळ्यांच्या पगारातून सारखी वाटून कापतात.

सॅकवाल्यांतल्या एकाला आमच्या पावलिनाने शरद ऋतूत धरलं होतं. पावलिना गल्ल्यावर बसते. जाड भुवयांच्या त्या माणसाच्या सॅकचा पट्टा तिने पकडला, त्याने तिला ढकललं, आणि तिचं मनगट दारात सापडून मोडलं. जाताना तो वाकून म्हणाला, "तू कुठल्या इमारतीत राहतेस ते ठाऊक आहे मला." प्लास्टर निघालं, पण तेव्हापासून तो माणूस आत आला की पावलिना बुटाची नाडी बांधायला खाली वाकते. तो बिल न देता तिच्या समोरून जातो. मी सुरी पुसत राहते. आम्हा दोघींना एकमेकींचं सगळं दिसतं आणि आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

फेब्रुवारीत कामेनने कॅमेऱ्यातून तीन फोटो काढले. दोन सॅकवाल्यांचे. तिसरा त्याने आमच्यापुढे धरला.

"कामेन साहेब, ही देच्का आजी आहे."

"असेल. पिशवीत काय टाकतेय ते बघा."

सोललेल्या अक्रोडांचं पाकीट टाकत होती.

"साहेब, म्हातारी आहे हो ती," पावलिना म्हणाली.

"म्हातारे चोरतात तेव्हा तुमच्या पगारातून कापलं जात नाही का, पावलिनाताई? तिघांचे मोठे करून छापा, वर लाल अक्षरात लिहा 'आमच्या दुकानातले चोर', आणि काचेवर लावा. लोकांना लाज वाटली की चोरी थांबते. मी आता बैठकीला चाललोय, उद्या दुपारी येईन. आल्यावर मला दिसले पाहिजेत."

आमच्या वस्तीतल्या मेलेल्यांचा गहू देच्का आजी शिजवते. कुणी गेलं की तिच्याकडे निरोप जातो. रात्रभर गहू घोंगडीखाली फुलवायचा, त्यात साखर, बिस्किटाचा चुरा आणि भरपूर अक्रोड घालायचे, वर पिठीसाखरेचा थर देऊन त्यावर क्रूस काढायचा. दफनानंतर तो पेल्यापेल्यातून वाटतात. चमचाभर खायचा आणि म्हणायचं, "देव क्षमा करो." माझ्या नवऱ्याचा गहू तिनेच शिजवला, पावलिनाच्या आईचाही. मेहनतीचे पैसे देऊ केले तर म्हणायची, "त्याच्याकडून घेईन, वर गेल्यावर." अशा बाईचा फोटो आमच्या हातात होता.

संध्याकाळी पावलिना मागच्या खोलीत कात्री घेऊन बसली होती. कागदावरची लाल ओळ तिने कापून टाकली होती. फोटोही इतका मोठा केला होता की पिशवी आणि हात बाहेर गेले, नुसता चेहरा उरला. मागे सुक्या मेव्याचं फडताळ पुसटसं दिसत होतं.

"हे काय करतेयस?"

"चोर असं कसं लिहू गं तिच्यावर? आईचं सगळं केलं तिने."

"मग लावूच नकोस."

"काहीतरी लावायला हवं. तो आल्या आल्या बघणार."

"मग त्या दोघा आडदांडांचे लाव ना!"

पावलिनाने बाही वर केली आणि मनगट माझ्यासमोर धरलं. मला राग आला. तिचा आला, कामेनचा आला, देच्का आजीचासुद्धा आला, की बये, मागितले असतेस तर दिले नसते का आम्ही? पण तो राग घेऊन मी गेले कुठे, तर चीज कापायचं मशीन धुवायला. सॅकवाल्यांना हात लावायची आमची छाती नव्हती आणि म्हातारीला पुरतं चोर म्हणायचीही नव्हती. तेव्हा पावलिनाने नुसता चेहरा काचेवर चिकटवला आणि आम्ही घरी गेलो.

काळापांढरा फोटो, पांढरा कागद, दुकानाचं दार. आम्ही दोघी याच गावात जन्मलो आणि तरी आमच्या डोक्यात आलं नाही.

सकाळी दार उघडायला गेलो तर काचेखाली शेवंतीची फुलं ठेवलेली. दोन-दोनच्या जोडीने, मेलेल्याला ठेवतात तशी. शेजारी काचेच्या पेल्यात मेणबत्ती जळत होती. बेकरीतली स्लाव्का रुमाल डोळ्याला लावून आत आली आणि तिने पावलिनाचा हात धरला.

"कधी गं गेली? परवा तर जिन्यात भेटली होती मला, चांगली धट्टीकट्टी. आणि नावसुद्धा लिहिलं नाहीत कागदावर?" मग जरा थांबून हुंदका देत म्हणाली, "आता माझा गहू कोण शिजवणार?"

पावलिनाचा चेहरा पिठासारखा झाला. ती उठली, दाराकडे गेली आणि कागदाचं टोक नखाने उचलू लागली. स्लाव्का मागून धावली.

"ए! मेल्या बाईचा कागद काढतेस? त्या कामेनने शिकवलं वाटतं हे? खबरदार हात लावलास तर!"

रांगेतल्या बायकाही "राहू दे, राहू दे" करू लागल्या. का काढतेय ते सांगितल्याशिवाय कागद काढता येईना, आणि ते सांगायचं म्हणजे देच्का आजीला या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. पावलिना परत येऊन गल्ल्यावर बसली. फुलं वाढत गेली. येणारा प्रत्येक जण छातीवर क्रूसाची खूण करायचा आणि मग टोमॅटो निवडायला लागायचा.

दुपारी देच्का आजी स्वतः आली. तपकिरी कोट, काठी, डोक्याला रुमाल. सकाळपासून तिचं दार लोक ठोठावत होते म्हणे. एकीने तर पाव आणला होता आणि दार उघडणाऱ्या आजीला बघून तो तिथेच टाकून पळाली होती. दुकानापुढे जमलेली माणसं बाजूला झाली. स्लाव्काने दोनदा क्रूसाची खूण केली.

"अगं बाई, तू जिवंत आहेस!"

"तुला अडचण आहे का काही?" आजी म्हणाली आणि फोटोसमोर उभी राहिली.

तिने तो पुष्कळ वेळ पाहिला. अंगावरचा कोट, मागचं मेव्याचं फडताळ. तिने हातातली पिशवी कोटाआड ओढून घेतली, तेव्हा मला समजलं की तिला सगळं समजलंय. त्याच वेळी कामेनची गाडी येऊन थांबली.

"मग हा फोटो कशाला लावला होता, पावलिना?" स्लाव्काने विचारलं. आता तिच्या आवाजात रडं नव्हतं, चौकशी होती.

पावलिना वाकून फुलं सारखी करू लागली. मी तिथेच होते, मीही काही बोलू शकले असते. कामेन गर्दीतून पुढे आला.

"कशाला म्हणजे? ही बाई—"

"मीच लावायला सांगितला," देच्का आजी म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हटलं, तरुण बायकांना माहीत नसतं गहू कोण शिजवतं ते. जाहिरात कर म्हटलं माझी. या वेंधळीने फोटो लावला आणि खाली लिहायचंच विसरली!"

लोक आधी बघत राहिले आणि मग जे हसले! स्लाव्का तर पोट धरून हसली, "अगं मी रडले ना तुझ्यासाठी, शेवंती परत दे माझी!" पावलिनासुद्धा हसण्यासारखं काहीतरी करत होती. कामेनने फुलांकडे पाहिलं, मेणबत्तीकडे पाहिलं, आजीच्या काठीकडे पाहिलं. त्याचीही कुठेतरी आजी असेलच. "मग लिहा खाली," एवढंच तो म्हणाला आणि मान खाली घालून आत गेला. बाकीच्या दोन फोटोंचं त्याने विचारलंसुद्धा नाही.

पावलिनाने जाड पेनने लिहिलं: 'गहू शिजवून मिळेल. देच्का, नदीकडची इमारत, तळमजला.' अक्षरं वाकडीतिकडी आली. मनगट धड जुळलं नाहीये तिचं, पण ते काही मनगटामुळे नव्हतं.

गर्दी पांगल्यावर आजी गल्ल्यापाशी आली. मी मुद्दाम जवळ गेले. तिने पिशवीतून अक्रोडांचं पाकीट काढून गल्ल्याच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवलं. न फोडलेलं.

"माझ्या इवायलोचं वर्ष आहे शनिवारी," ती पावलिनाला म्हणाली. तिचा मुलगा स्पेनमध्ये बांधकामावरून पडून गेला होता. "खेड्यातलं घर विकून त्याचा देह इकडे आणला. अक्रोडाचं झाड घराबरोबर गेलं. इतक्या जणांच्या गव्हात अक्रोड घातले, पोराच्या गव्हात नसले तर कसं, असं वाटलं. नेलं खरं. पण फोडवेना गं. त्याला चोरीचं कसं वाढू?"

"आजी, ने ना ते! मी भरते पैसे, आत्ता भरते," पावलिना रडायलाच लागली.

"काल भरले असतेस तर घेतलं असतं, पोरी," आजी म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. मग काठी टेकत निघून गेली, आणि दारातून जाताना तिने आपल्याच फोटोकडे पाहणं टाळलं.

शनिवारी तिने दुकानात गहू आणला. जिथे माणसं ओळखीची तिथे वाटायचाच असतो, त्याला कुणी नाही म्हणत नाही. प्लास्टिकचे पेले, पांढरे चमचे. स्लाव्काला दिला, मला दिला, कामेनला दिला. कामेनने चमचा तोंडात घालून विचारलं, "यात अक्रोड नाहीत का? माझी आजी घालायची."

"मीही घालते," देच्का आजी म्हणाली आणि पुढे सरकली.

"म्हातारी विसरायला लागली हं," स्लाव्का माझ्या कानात म्हणाली. मी घास गिळला. गहू गोड होता, मऊ होता, आणि दाताखाली काहीच येत नव्हतं.

पावलिनाने पेला दोन्ही हातांत धरला, खाल्लं आणि म्हणाली, "देव क्षमा करो." आजीने मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं आणि तो जाड भुवयांचा माणूस आत आला, पाठीला रिकामी सॅक. आजीला तो कोण ते काय माहीत? तिने त्यालाही पेला दिला. त्याने टोपी काढली, छातीवर हात ठेवला, नीट चावून खाल्लं.

"देव क्षमा करो, आजी. कुणाचा?"

"मुलाचा."

"तरुण होता?"

"तुझ्याएवढा."

त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. रिकामा पेला त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला, टोपी घातली आणि तो कॉफीच्या फडताळाकडे गेला. डबे सॅकमध्ये पडल्याचे आवाज सगळ्यांनी ऐकले. सॅक भरून तो दाराकडे निघाला, "दिवस चांगला जावो" म्हणाला. कुणी हललं नाही. कामेन फोनमध्ये बघत होता. देच्का आजीने जाणाऱ्या त्या पाठीकडे पाहिलं, मग दाराच्या काचेकडे पाहिलं. काचेवर फक्त तिचा फोटो होता. मग ती पावलिनाकडे वळली.

पावलिना नाडी बांधायला खाली वाकली होती. बराच वेळ वर आली नाही. मी काउंटरवरून वाकून पाहिलं. तिच्या पायांत हिवाळ्याचे, चेनचे बूट होते.