एका सीडीत मावलेलं लग्न

आमच्या थोरल्या जावयांनी, कैलासरावांनी, माझ्या भावाला लग्नातून उठवलं. भर मांडवात नाही. मांडवात कुणाची तशी छाती झाली असती तर मी तिथंच सोक्षमोक्ष लावला असता. यांनी उठवलं ते लग्नानंतर तीन आठवड्यांनी, तळेगावच्या आपल्या व्हिडिओ शूटिंगच्या स्टुडिओत गार हवेत बसून, एका बोटानं. आणि वर मला सीडी आणून दिली चकचकीत डबीतून, धाकटीचा फोटो लावून, जशी काय माझी ओटीच भरतायत.

धाकटी म्हणजे प्रतीक्षा. तिचं लग्न माघात झालं. माझा भाऊ बजरंग तिचा सख्खा मामा, एकुलता एक. तुंगार्लीला एका बंगल्यावर तो तीस वर्षं राखणदार आहे, मागच्या खोलीत नवराबायको राहतात. लग्नाला बारा दिवस असताना तो बंगल्याच्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, अडीच महिने खाटेवरून उठायचं नाही. म्हणजे भाचीच्या मागं उभं राहायचं ते राहूनच गेलं.

आमच्या घरात माझ्या सासूनं घालून दिलेली एक रीत आहे. मानाचा पाहुणा येऊ शकला नाही तरी त्याचं नाव माइकवर पुकारायचंच. त्याच्या नावाची खुर्ची स्टेजवर मांडायची, तिच्यावर टॉवेल, टोपी, नारळ ठेवायचा, आणि मांडवानं गप्प बसून ते बघायचं. त्याप्रमाणं सत्काराच्या वेळी पहिलं नाव पुकारलं ते मुलीच्या मामाचं. टोपी मी माझ्या हातानं खुर्चीवर ठेवली. नवरदेवाकडची हजार माणसं, पण लेकरूसुद्धा रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो टॉवेल, टोपी आणि नारळ मी तुंगार्लीला नेऊन बजरंगच्या हातात दिले. त्यानं टोपी खिळ्याला अडकवली, डोक्यावर घातली नाही. म्हणाला, सीडी येऊ दे, बघतो, मग घालतो. माझा भाऊ आहे, संशय रक्तातच आहे आमच्या. आपली बहीण आपल्याला बरं वाटावं म्हणून घरीच टोपी आणून देतेय, मांडवात कुणी नाव घेतलं असेल की नाही देव जाणे, असं त्याच्या मनात. तोंडानं बोलला नाही, पण मला कळलं.

आता सीडीच का, तर त्याच्या खोलीत बंगल्याच्या मालकानं दिलेला जुना पोटाचा टीव्ही आहे आणि सीडीचं मशीन. त्याला दुसरं काही लागत नाही. फोनवर बघायला डोळे नाहीत. भावजय दिवसभर बंगल्यांची झाडलोट करते, ती येणार दिवे लागताना. खाटेवरचा माणूस सीडी बदलायला उठणार कसा? म्हणून मी कैलासरावांना बजावून सांगितलं होतं की एकच सीडी करा, आणि तिच्यात सगळं लग्न आलं पाहिजे. ते म्हणाले, होऊन जाईल आई.

झालं ते असं. बजरंगनं सीडी तीनदा बघितली, तिच्यात त्याची खुर्ची कुठंच नव्हती. आणि त्या आठवड्यात भावजयीनं मला वडगावच्या बाजारात गाठून एक पिशवी दिली. आत टॉवेल आणि टोपी. निरोप असा, की घरी आणून दिलेला मान म्हणजे पंगत उठल्यावरचं उरलंसुरलं, ते आम्हाला नको. नारळ तेवढा परत नव्हता. त्याची चटणी झाली होती म्हणे.

मी तशीच पिशवी घेऊन तळेगावला गेले. माधवी, माझी थोरली, चहा ठेवायला उठली, तिला म्हटलं बस खाली. कैलासरावांना विचारलं, मामाची खुर्ची कुठं गेली? ते अगदी शांत. जावई भांडत नाहीत माझे, तो गुण आहे त्यांच्यात.

"आई, त्या खुर्चीवर कोणी नव्हतंच," ते म्हणाले. "दीड मिनिट नुसती रिकामी खुर्ची. बघणाऱ्याला वाटलं असतं, कॅमेरावाला झोपला."

मी म्हटलं, सत्कार तरी कुठं आहे? तर म्हणे तो चाळीस मिनिटांचा होता, नुसती माणसं येतायत, टोप्या घालतायत, जातायत. सगळा काढला. जागा नव्हती.

जागा नव्हती म्हणजे काय, ते मला समजावून सांगा म्हटलं. मी चौथी शिकलेय, पण माप मला कळतं. खळ्यावर पायलीनं भात मापायला माझ्याइतकं नीट कुणी नाही आमच्या गावात. मग त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान घेतलं आणि लिहून दाखवलं. सीडीत, म्हणजे आपण सीडी म्हणतो त्या डीव्हीडीत, सदतीस हजार सहाशे मेगाबिट मावतात; मेगाबिट ही तिची पायली. सगळं लग्न चार तास चाळीस मिनिटांचं, त्याचे सेकंद सोळा हजार आठशे. भागाकार केला की एका सेकंदाच्या वाट्याला सव्वादोन येतात. त्यातून आवाजाचं आधी बाजूला काढायचं. उरले दोन. आणि तीनच्या खाली गेलं की तोंडं ओळखू येत नाहीत. म्हणून त्यांनी लग्न दोन तासांवर आणलं होतं, सेकंदाला पाच मिळतील असं. चित्र आरशासारखं.

म्हणजे पंगतच की, मी म्हटलं. भात तेवढाच, पत्रावळी वाढवल्या की वाढप कमी. आवाजाचं आधी बाजूला काढता ते मात्र बरं करता, आम्ही बियाणं काढतो तसं.

कैलासराव खूश झाले, त्यांना वाटलं म्हातारीला पटलं. म्हणाले, खुर्चीची दीड मिनिटं घालतो परत, त्याला जागा कितीशी लागते. मी म्हटलं, नाही. एकटी खुर्ची घातलीत तर तो म्हणणार आक्कानं दटावून मागून घालायला लावली. आधी कोण, नंतर कोण, मांडव कसा थांबला, हे सगळं दिसलं तर तो मान. नाहीतर ते नुसतं फर्निचर. सगळं लग्न घाला, कण न कण.

त्यांनी सांगून बघितलं की चित्र फुटेल. मी म्हटलं, फुटू दे, मी बघते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत हजर. त्यांनी लावलं. अरे देवा. नवरदेव पुढं चालला की त्याच्या तोंडाच्या फरश्या व्हायच्या. अक्षता पडायला लागल्या तर सगळा मांडव चौकटीचौकटीचा, गोधडी झटकल्यासारखा. विहीणबाई तर ओळखूच आल्या नाहीत. त्यात तोटा काही नव्हता, पण तरी.  माझंच ऐकून केलेलं होतं, दोष कुणाला देणार?

मग सत्कार आला. माणसं उठतायत बसतायत, सगळी धुरकट. आणि मग नाव पुकारलं, माणसं मागं सरली, नि खुर्ची दिसली. स्वच्छ. पाठीचं कापड दिसत होतं, टोपीची घडी दिसत होती, नारळाची शेंडीसुद्धा.

मी विचारलं, हे एवढं कसं काय नीट? कैलासराव जरा घुटमळले. मग म्हणाले, जे हलत नाही त्याला जागा फार कमी लागते. मशीन एकदाच चित्र काढतं आणि पुढं म्हणतं, तसंच आहे. धावपळ, नाच, धूर, अक्षता, हे जागा खातात.

"म्हंजे जागा न्हाई म्हनून तुमी ज्याला उठवलं," मी म्हटलं, "त्यानं सगळ्यात कमी खाल्लं व्हतं."

माधवी तेवढ्यात आत गेली. हसायला गेली, मला माहीत आहे.

मी पुढं विचारलं की मग सगळ्यांना सारखं का वाढता? पंगतीत लेकराला आणि नांगरणाऱ्याला एकच वाढप कुणी करतं का? वाढणारीनं आधी पंगतीवरून एक चक्कर मारायची, कोण किती जेवणार ते बघायचं, मग पातेलं उचलायचं. तर जावई म्हणाले, तशी सोय आहे. मशीन पहिल्या फेरीला सगळं लग्न नुसतं बघतं, दुसऱ्या फेरीला वाढतं. पण वेळ दुप्पट लागतो. लग्नसराईत एका फेरीतच उरकतो.

मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं. ते उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

तरीसुद्धा दोन फेऱ्यांनी भात वाढत नाही, पातेलं तेवढंच. कैलासरावांनी परत मांडलं. तीन तासांवर आणलं तर आवाज वगळून सेकंदाला सव्वातीन पडतात, आणि दोन फेऱ्या घेतल्या तर माणसं माणसांसारखी दिसतील. म्हणजे शंभर मिनिटं कमी करायची. मी म्हटलं, आता लावा, मी सांगते काय काढायचं.

पहिलं ते वरून उडणाऱ्या कॅमेऱ्याचं काढलं. चौदा मिनिटं. मांडवाचे पत्रे आणि माझ्या जावेनं वाळत घातलेली लुगडी, ती बजरंगनं कशाला बघायची? मग लग्नाआधी नवरानवरीनं पवनेच्या धरणावर हात धरून हळूहळू चालतानाचं, बावीस मिनिटं. एवढं हळू चालल्यावर पोचणार कधी? कैलासरावांना ते लागलं, त्यांच्या हातचं खास काम होतं. मी म्हटलं, प्रतीक्षाला वेगळी सीडी करून द्या, तिला उठता येतं. हळदीतला नाच वीस मिनिटं, धूर सोडलेला, तो गेला. पुढाऱ्यांची भाषणं पस्तीस मिनिटं. तालुक्यात कुणालाही विचारा, ती पाठ आहेत.

एक्क्याण्णव झाली. नऊ मिनिटं राहिली. आता उरलं ते सगळं हवंसंच. कन्यादान, सप्तपदी, पंगती, पाठवणी. कैलासराव पडद्याकडं बघत राहिले, मला सांगायची त्यांची हिंमत होईना. ती नऊ मिनिटं माझी होती. भाताच्या पिकात तालुक्यात पहिली आले म्हणून भाषणांनंतर भर मांडवात मला शाल घातली, नवऱ्यामागं एकटीनं शेत राखलं ते वाचून दाखवलं, बायका उभ्या राहिल्या. पहिल्या सीडीत ते होतं, तेवढंच मी घरी चारदा लावून बघितलं आहे. खोटं कशाला सांगू.

"काढा," मी म्हटलं. "मी तितं व्हते. त्यो नव्हता."

त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, मला दोनदा बोलायची सवय नाही.

मशीनच्या दोन फेऱ्या व्हायला रात्र गेली. सकाळी कैलासरावांनी गाडी काढली आणि आम्ही तुंगार्लीला गेलो. पिशवी मी मांडीवर घेतली होती. बजरंगनं आम्हाला बघून तोंड भिंतीकडं केलं. दाढी वाढलेली. मी समजावणी केलीच नाही. सीडी लावायला सांगितली आणि खाटेच्या पायथ्याशी बसले.

तो आधी बघेना. मग मंगलाष्टकं सुरू झाली तसा वळला. प्रतीक्षाच्या मागं चुलत मामा उभा होता, त्याला बघून म्हणाला, याला फेटा कोणी बांधला, कांद्याचं पोतं दिसतंय. मी म्हटलं, तू नव्हतास ना बांधायला. पंगती बघितल्या, कोण जेवायला आलं, कोण नाही, सगळं मोजत होता. तोंडं नीट ओळखू येत होती.

सत्कार लागला. माइकवाल्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, पहिला मान मुलीच्या मामांचा, तुंगार्लीचे बजरंगमामा, त्यांना येता आलेलं नाही, सर्वांनी शांत राहावं. खुर्ची आली. मी आले, टोपी ठेवली, हात जोडले. खुर्चीमागं सगळी सोयरी उभी, एकही हलत नव्हतं. दीड मिनिट म्हणजे लय असतं, कैलासराव म्हणत होते ते खरं आहे. पण त्या खोलीत आम्हा तिघांतलं कुणी इकडचं तिकडं झालं नाही.

मग दुसऱ्याचं नाव पुकारलं. बजरंग टीव्हीकडंच बघत होता. हात फक्त माझ्याकडं केला. मी पिशवीतली टोपी दिली. त्यानं ती घातली, बोटानं कडा नीट केली आणि खाटेवर होता तेवढा ताठ झाला.

मग म्हणाला, "आक्का, नारळाचं तेवढं चुकलं माझं." मी म्हटलं, चटणी चांगली झाली होती असं ऐकलंय.

पाठवणीपर्यंत बसलो आणि निघालो. कैलासराव अंगणात गाडीचं दार धरून उभे होते. मघापासून त्यांना काहीतरी विचारायचं होतं, ते विचारलंच, की आई, आता तरी बरोबर झालं का?

मी गाडीत बसले, पदर आत ओढून घेतला आणि त्यांना सांगितलं, "कैलासराव, चित्र तुमचं चांगलंच येतं, भागाकारबी बरोबर येतो. पर पाव्हना कोन आन गर्दी कोन, ते मशिनीला कळत न्हाई आन तुमीबी इचारलं न्हाई. आता फुडच्या लग्नापास्नं दोन फेऱ्याच घ्यायच्या, लगीनसराई असू दे न्हाईतर काय असू दे. पयल्या फेरीला मशीन बसंल, आन तिच्या शेजारी मी बसन."