मिस्टर थर्मनची जीभ

व्हर्डेल टेटने गोड थंड चहाचा ग्लास सरकारी वकीलबाईंपुढे ठेवला आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"चाखायचे मिस्टर थर्मन. मी नुसत्या पिशव्या गरम करायचे."

प्रिसिला मोंटोया यांनी पेन खाली ठेवलं.

"मिसेस टेट, कंपनीचंसुद्धा अगदी हेच म्हणणं आहे. मग मी भांडू कुणासाठी?"

मोंटोयाबाईंच्या हातात असे आणखी तीन खटले होते. एका इस्पितळाने गरोदर नर्सला घरी बसवलं होतं, एक ट्रकवाला बहिऱ्या ड्रायव्हरला दारात उभं करत नव्हता, एका हॉटेलात काय ते देव जाणे. सगळीकडे नोकरीत भेदभाव केला म्हणून सरकार मालकाविरुद्ध कोर्टात.

"पण तिथली माणसं निदान स्वतःच्या बाजूने तरी बोलतात हो," त्या म्हणाल्या.

आता व्हर्डेलने जिथे काम केलं तसल्या कॅटफिश माशांच्या कारखान्यात, तळ्यातले मासे काढण्याआधी एक मासा चाखावाच लागतो. तळ्यात मासे पाळणारा तळेवाला एक मासा आणून देतो. त्याचा शेपटीकडचा तुकडा, मीठसुद्धा न लावता, कागदी पिशवीत घालून मायक्रोवेव्हमध्ये शिजवायचा. पिशवी उघडताक्षणी वास घ्यायचा आणि मग तो जिभेवर ठेवायचा. शेवाळ माजलेल्या तळ्यातला मासा मातकट लागतो. तो नापास झाला की तळेवाल्याने आठवडेच्या आठवडे हात चोळत बसायचं. एकतीस वर्षं हा निकाल थर्मन ग्रीअर यांनी दिला. ते 'नाही' म्हणाले की मोठमोठे गोरे जमीनदार मुकाट्याने घरी जायचे.

निवृत्तीच्या सहा वर्षं आधी थर्मनना ताप आला आणि जाताना वास-चव घेऊन गेला. कामावर परतल्यावर एका सकाळी त्यांनी चिखलासारखा घाणेरडा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "लोणी आहे, लोणी!" व्हर्डेलला तो वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला आला होता. तिने निकालाचा कागद त्यांच्यापुढून उचलला आणि म्हणाली, "हा राहू दे, पुन्हा एक शिजवते." दुसऱ्या दिवसापासून ती आधी स्वतः चाखायची आणि मग बशी पुढे ठेवायची. मासा चांगला असेल तर बशीतला जेवणाचा काटा उजवीकडे, वाईट असेल तर डावीकडे. थर्मन डोळे मिटून सावकाश चावायचे आणि निकाल द्यायचे. सहा वर्षं हे चाललं, पण दोघांत या विषयावर चकार शब्द नाही.

थर्मन निवृत्त झाले. व्हर्डेलने त्यांच्या जागेसाठी अर्ज केला, तर मॅनेजर हसला. "तळेवाले तुझं ऐकणार आहेत होय? काळ्या बाईचं? तीही धुण्यापुसण्यातून वर आलेली?" जागा त्याने आपल्या मेव्हण्याला दिली. तो त्याआधी टायर विकत होता. कागदावर मात्र लिहिलं की व्हर्डेलला चाखण्याचा अनुभव नाही.

"उद्या कंपनीच्या वकिलाकडे थर्मनची शपथेवर जबानी आहे, खटल्याआधीची," मोंटोयाबाई म्हणाल्या. "काही असेल तर आज सांगा."

"त्यांना खोदून विचारू नका," व्हर्डेल एकदम म्हणाली. "बायको गेली, मूलबाळ नाही. त्या जिभेशिवाय त्या माणसाकडे आहे काय?"

मोंटोयाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पेन काही उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वकिलाच्या कचेरीबाहेर बाकावर दोन म्हातारे बसले होते. एक थर्मन, चर्चला घालायच्या कोटात. दुसरे आल्टन शुमेकर, जिल्ह्यातले सगळ्यात जुने तळेवाले. थर्मनच्या जिभेची थोरवी सांगायला दोघांनाही कंपनीनेच बोलावलं होतं.

"काय गं व्हर्डेल, नवा गडी कसा चाखतो?" थर्मननी विचारलं.

"दर माशाला सॉस मागतो म्हणे."

थर्मन खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांना आत बोलावलं. व्हर्डेल मोंटोयाबाईंच्या शेजारी बसली. शपथ झाली. कंपनीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "मिस्टर ग्रीअर, मिसेस टेट यांनी कधी मासा चाखून निकाल दिला का?"

थर्मननी व्हर्डेलकडे पाहिलं. तिने कुणाला दिसेल न दिसेल अशी मान हलवली. नाही म्हणा.

"दिला," थर्मन म्हणाले. "सहा वर्षं. रोज."

वकिलाचं हसू तिथेच राहिलं. थर्मननी काट्याची सगळी हकिगत सांगितली, डावी-उजवी बाजू हाताने दाखवून.

"मला वास येत नाही, चव कळत नाही. ही तुमची कॉफी गरम आहे, एवढंच समजतं."

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही खोट्या सह्या करत होतात?"

"करत होतो. मासा मात्र चोख जात होता. माशांची एकच गाडी मेम्फिसच्या गिऱ्हाइकाने परत पाठवली. तारीख काढून बघा. त्या दिवशी व्हर्डेल बहिणीच्या मयताला गेली होती."

मोंटोयाबाईंनी हजेरीचे कागद भराभर उलटले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

मधल्या सुट्टीत बाहेर आल्या आल्या व्हर्डेल थर्मनवर उखडली.

"काय गरज होती हो? आता गावभर होईल!"

"होऊ दे," थर्मन म्हणाले.

"काय होईल गावभर?" बाकावरून शुमेकरनी विचारलं.

थर्मननी जमिनीकडे बघत दोन वाक्यांत सांगून टाकलं.

"एवढंच ना? अरे थर्मन, मासा आणायच्या आधी आम्ही कारखान्यात फोन करायचो की नाही?"

"करायचात. मी आहे का विचारायला."

"छे! व्हर्डेल आलीये का, ते विचारायला. बशीतला काटा आम्हालाही दिसायचा. ती नसली की आम्ही मासा आणायचोच नाही. ती परत आलेली गाडी नव्या तळेवाल्याची होती. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं."

थर्मननी मान वर केली.

"आणि मला एकानेही सांगितलं नाही?"

"कोण सांगणार बाबा? डोळे मिटून चावायचास तेव्हा किती खुशीत दिसायचास."

व्हर्डेलला हसू आलं. पण ते ओठांपर्यंत येऊन परत फिरलं.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," ती हळूहळू म्हणाली. "मिस्टर थर्मनना वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलात. मीही बसले, त्याचं काही नाही. पण तळेवाले तुझं ऐकणार नाहीत, असं मॅनेजर मला तोंडावर म्हणाला. सगळ्या गावाला कळलं ते. तेव्हाही तुम्ही गप्पच?"

शुमेकरनी गुडघ्यावरची टोपी एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली.

दार उघडलं. कंपनीच्या वकिलाने स्वतः बाहेर येऊन दार धरलं.

"या, मिस्टर शुमेकर. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही हो, वेळ लागेल," उठता उठता शुमेकर म्हणाले. "आधी मिसेस टेटना माझ्यासमोर खुर्ची द्या. त्यांच्याकडे बघून बोलायचंय मला."