पडद्यासमोर दिलेला शब्द

हिनोकावा नाटक मंडळीचे मालक केंजिरो तसे गरीब स्वभावाचे होते. पण चेहऱ्याला रंग लावायला बसले असताना कोणी शहाणपण शिकवलं, की त्यांचं डोकं फिरायचं. आणि त्यांच्या बायकोला, फुसाएला, बोलायला नेमकी तीच वेळ सापडायची.

"पोराला एकदा विचारा तरी," टोपाचे केस विंचरता विंचरता ती म्हणाली.

"काय विचारायचं त्यात? तीन पिढ्यांची मंडळी आहे. ती त्यानं नाही चालवायची तर काय शेजारच्या शेवयावाल्यानं चालवायची?"

"शेवयावाला निदान हो की नाही ते तोंडानं सांगेल. आपला सेइगो सांगणार नाही."

केंजिरोंनी भुवई काढायला घेतली आणि बोलणं संपवलं.

सेइगो एकवीस वर्षांचा होता. अंगावर पीत होता तेव्हापासून रंगमंचावर. आधी कपड्यात गुंडाळलेलं बाळ म्हणून, मग हरवलेलं पोर म्हणून, मिसरूड फुटेपर्यंत चहाच्या दुकानातली पोरगी म्हणून. सोळाव्या वर्षी खेळाच्या दुसऱ्या भागातल्या नाचगाण्यात त्यानं पहिल्यांदा माइक हातात घेतला आणि बेप्पूच्या गरम झऱ्यांच्या स्नानगृहात न्हाऊन, तिथंच डबे खात खेळ बघणाऱ्या म्हाताऱ्या खायच्या थांबल्या. तेव्हापासून त्या त्याच्या मागे गावोगाव फिरायच्या. त्यांची म्होरकी टोमेआजी. ती चटईवर पहिल्या रांगेत बसायची आणि तिच्या जागेवर दुसरं कोणी बसलं तर त्याची धडगत नसायची.

मग तोक्योहून इसोबे नावाची एक बाई आली. गाण्याच्या कंपनीतली. मागच्या भिंतीला टेकून तिनं खेळ पाहिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला आणि सेइगोला म्हणाली, "चल. आधी गाणं करू, मग मालिकेत काम बघू." सेइगोनं हे फक्त आईला सांगितलं. पण रंगमंचामागच्या एकाच खोलीत ओळीनं गाद्या घालून झोपणाऱ्या मंडळीत गुपित टिकतंय कुठलं! संध्याकाळपर्यंत ते केंजिरोंच्या कानावर गेलं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं.

नाटक संपून नाचगाणी सुरू होण्याआधी मालकानं पडद्यासमोर गुडघे टेकून बसायचं, लोकांचे आभार मानायचे आणि उद्याचा खेळ जाहीर करायचा, अशी या धंद्याची रीत. तिथून गेलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. उद्या भुताचं नाटक म्हटलं, की भुताला ताप असला तरी भूत उभं राहणारच. मोडकी बरगडी बांधून केंजिरो स्वतः तलवारबाजी खेळले होते, का तर आदल्या दिवशी बोलून बसले होते. पडद्यासमोर दिलेला शब्द फिरवलेला माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी सेइगोला शेजारी बसवलं.

"मायबाप रसिकहो," ते म्हणाले, "येत्या वसंतात हा माझा मुलगा मंडळीची गादी घेईल. त्याला मी माझं नाव देतोय. तेव्हापासून तो दुसरा केंजिरो समजा."

सेइगोचं कपाळ जमिनीला टेकलेलं होतं. ज्याचं नाव घेतलं त्यानं उत्तर द्यायचं असतं.

"किती वाट बघायला लावलीत हो!" टोमेआजी ओरडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आपला लोभ असावा," तेव्हा कुठं सेइगो म्हणाला.

फुसाएनं रात्रीच्या जेवणाला भाताचा वाडगा नवऱ्यापुढे आदळला. "जिंकलात. आता गिळा."

सेइगोनं तोक्योला नकार कळवला. बापाशी भांडला नाही, रुसला नाही, काही नाही. केंजिरोंची पंचाईत तिथंच झाली. भांडला असता तर त्याला गप्प कसं करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

या मंडळीत नाटक लिहिलेलं नसतं. सकाळी मालक सगळ्यांना गोल बसवून तोंडानं सांगतात, तू इथून ये, मी असं म्हणेन, तू रड, मग मी तुला हाकलेन. बाकीचं ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं भरायचं. सेइगो ते भरायचा म्हणजे नुसता वात आणायचा. नदीकाठी जुगारी बाप आणि परतलेला मुलगा भेटतात, असा एक प्रवेश होता. त्यात तो दर खेळाला नवीन काहीतरी काढायचा. एकदा भर अश्रूंत म्हणाला, "बाबा, तुमच्या तोंडाला कांद्याच्या पातीचा वास येतोय, म्हणजे घरी सगळं ठीक आहे ना?" केंजिरोंना हसू दाबताना खोकला काढावा लागला होता.

आता तो सांगितलं तेवढंच बोलायला लागला. शब्दाला शब्द. बाप जिथं थांबायचा तिथं थांबणं, मान तशीच वळवणं, तलवार म्यान करताना तसाच एक उसासा. लोक खूश झाले. "बाप तसा बेटा!" म्हणाले. केंजिरोही दोन-चार दिवस मिशीत हसले. मग गाण्यातही तेच सुरू झालं. आणि केंजिरो गायला कसे होते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? वेळ मारून नेण्यापुरते बरे. त्यांचाच तो थरथरता, ओढून आणलेला सूर आता सेइगोच्या चांगल्या गळ्यातून यायला लागला.

विंगेत उभं राहून ते ऐकताना केंजिरोंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. टोमेआजीनं डबा उघडला होता आणि ती मजेत मुळ्याचं लोणचं खात होती.

"हे काय चालवलंयस?" त्यांनी रंगपटात विचारलं.

"काय, मालक?"

"माझी नक्कल."

सेइगो तोंडावरचा रंग तेलानं पुसत होता. "तुमचं नाव घ्यायचंय ना? लोकांनी फसवल्यासारखं वाटून घेऊ नये. म्हणून सवय करतोय."

टोमणा असता तर बरं झालं असतं. पोरगं मनापासून सांगत होतं. दिलेलं काम नीट करायचं, हे त्याला बापानंच शिकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मंडळी राहावी म्हणून मुलाला धरून ठेवलं, आणि मुलगाच राहिला नाही.

फुसाए कोपऱ्यात बाही शिवत होती. केंजिरो तिच्याजवळ जाऊन बसले.

"तो शब्द परत घेतो."

तिची सुई थांबली. "पडद्यासमोरचा? अहो, तुमचं हसं होईल. सगळ्या मंडळ्यांत बोंब होईल."

"होऊ दे."

"आणि तो गेल्यावर गाणार कोण?"

"मी गाईन."

"देवा रे," फुसाए म्हणाली. मग तिनं डोळ्यांना बाही लावली, शिवत होती तीच.

केंजिरोंनी तोक्योला इसोबेला फोन लावला; ती अजून तयार होती. त्या संध्याकाळी ते पडद्यासमोर बसले, मुलाला शेजारी घेऊन. आभार मानले, उद्याचा खेळ सांगितला. मग दोन्ही हात जमिनीला टेकले.

"या जागेवरून मी एक शब्द दिला होता. मुलाला न विचारता दिला. तो मी परत घेतो. माझं नाव माझ्यापाशीच राहील. सेइगो या महिन्याच्या शेवटी तोक्योला जाईल आणि स्वतःच्या नावानं गाईल. लाज माझी आहे, त्याची नाही. त्याच्यावर राग धरू नका."

मग टोमेआजीचा आवाज आला, रडका आणि तापलेला. "आणि आम्ही काय करायचं हो?"

"टीव्ही लावा, आजी."

लोक हसले. सेइगोनं मात्र मान वर केलीच नाही. त्याचे खांदे हलत होते, आणि त्याच्यापुढच्या लाकडावर तोंडावरच्या पांढऱ्या रंगाचे थेंब पडत होते.

तोक्योत त्याला कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. पहिल्या मालिकेत तो सायकलवरून तोफू विकायला यायचा आणि दुसऱ्याच भागात मरायचा. पहिलं गाणं कोणी फारसं ऐकलं नाही. पण नंतरच्या एका मालिकेत त्यानं भांडखोर न्हाव्याचं काम केलं. दिग्दर्शकानं लिहून दिलेल्या वाक्यांना तो स्वतःच्या पदरचं जोडायचा आणि लोकांना तेच आवडायचं. त्या मालिकेचं गाणंही त्याचंच होतं. ते चाललं. कोकुरातल्या औषधांच्या दुकानात, कुमामोतोच्या बसमध्ये, कुठंही ते केंजिरोंच्या कानावर पडायचं. एकदा ते ऐकायला म्हणून दोन थांबे पुढे गेले आणि चालत मागे आले.

त्या गाण्यानंतरच्या पानगळीत मंडळी पुन्हा बेप्पूला आली. खेळ संपला की सगळ्यांनी रंगलेल्या तोंडानं, भरजरी कपड्यांत दाराशी ओळीनं उभं राहायचं आणि निघणाऱ्या प्रत्येक माणसाचा हात हातात घेऊन त्याला निरोप द्यायचा. केंजिरो सवयीनं देत होते. "आभारी आहे, पुन्हा या. आभारी आहे, पुन्हा या."

मग एक हात आला आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. टोपी, तोंडावर मास्क, साधा कोट. चेहरा बघायची गरजच नव्हती.

"खेळ आवडला का?" केंजिरोंनी विचारलं.

"आवडला. पण दुसऱ्या कडव्यात श्वास चोरलात, मालक."

"चोरला तर. तुझ्या जागी उभं राहून गायचं म्हणजे धाप लागते." मग अगदी हळू, "बरा आहेस ना रे? जेवतोस ना वेळेवर? फार आठवण येते."

"मलाही, बाबा."

मागची रांग तुंबली. माणसं टाचा उंचावून बघायला लागली. तिथं टोमेआजी होती, आणि वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"ओ मालक! त्या एकट्याचाच हात धरून बसणार काय? सोडा की त्याला!"

"थांबा, आजी," केंजिरो म्हणाले. "एकदा सोडलाय. परत लगेच नाही सोडवत."

आजी पुढं वाकली, टोपीखाली डोकावली आणि दोन्ही हात पसरून मागच्या रांगेलाच मागं ढकलायला लागली.