सोनेरी माशांचा पिपा

मी एक जुना पिपा आहे. रॉकेलचा, चौकोनी, वर आडवी लाकडी दांडी ठोकलेला. आता माझ्या बुडाला भोक पडलं आहे आणि अकोल्यातल्या एका भंगाराच्या दुकानामागे मी आडवा पडलो आहे. तुम्ही मुलं इथे चेंडू शोधायला येता, जाताजाता मला लाथ मारता आणि मी ठणकन वाजलो की हसता. हसा बापडे! पण मित्रांनो, आज घडीभर बसा. माझ्यावर बारा माशांना मारल्याचा आळ आहे, आणि तो साफ खोटा आहे.

पोटातलं रॉकेल संपलं की पिप्याचं पुढचं आयुष्य ठरलेलं असतं. कुणाच्या घरी गहू, कुणाच्या न्हाणीत पाणी. माझं नशीब निराळं निघालं. सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी, देवमन मास्तरांनी मला जठारपेठेतल्या दुकानातून तिथल्याच आपल्या घरी नेलं.

मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे. अंगणात सिमेंटचं टाकं बांधून त्यात त्यांनी सोनेरी मासे वाढवले होते. नाद होता नुसता! शेजारी विचारायचे, "मास्तर, खाता येत नाई तं पाळता कायले?" मास्तर म्हणायचे, "पाहाले." आणि पुन्हा टाक्यापाशी जाऊन बसायचे.

मला माणसात आणलं ते त्यांच्या बायकोने, ललिताने. चांदूर बाजारची पोर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तिने मला राखेने घासलं, चिंचेने घासलं, निंबाच्या पाल्याचं कढत पाणी ओतलं, आठ दिवस उन्हात ठेवलं. रोज सकाळी माझ्यात नाक घालून वास घ्यायची आणि पुन्हा घासायला बसायची. नवव्या दिवशी तिने माझ्यात एक लहान मासा सोडला. दुसऱ्या दिवशी तो मजेत फिरताना पाहून टाळ्या वाजवत ओरडली, "अवो, या न पाहाले! जित्ता हाये!" मित्रांनो, इतकी माया मला आधी कुणी लावली नव्हती आणि नंतरही नाही.

मग माझं काम सुरू झालं. अमरावतीला ओमप्रकाश नावाच्या दुकानदाराकडे काचेच्या टाक्या विकायला असत, त्यांच्याकडे मासे पोचवायचे. मास्तरांचे नियम कडक होते. पाणी अंगणातल्या टाक्यातलंच, तेही अर्ध्यापर्यंत. "पानी अर्धं, हवा अर्धी," ते बजावायचे, "हवा नसन तं मासा पान्यात बी गुदमरते." तोंडाला मांजरपाटाचं फडकं बांधायचं, अंगाभोवती ओलं पोतं गुंडाळायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, निघायच्या आधी दोन दिवस माशांना दाणा बंद. पोटात अन्न असलं की वाटेत ते घाण करतात, पाणी नासतं आणि त्याच पाण्यात ते मरतात.

गार्डाच्या डब्यात बसून मी बडनेऱ्याला जायचो, तिथून दुसऱ्या गाडीने अमरावतीला. चौदा खेपा केल्या. दर खेपेला ओमप्रकाशांचं कार्ड यायचं, "सर्व मासे सुखरूप." मास्तर ते मोठ्याने वाचायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे, "वा रे पठ्ठ्या!" ताठ्याने माझा पत्रा कसा गरम व्हायचा म्हणता!

पंधरावी खेप मुलींच्या एका शाळेसाठी होती. तिथे नवी मोठी काचेची टाकी बसवली होती आणि मुलींच्या हातूनच तिच्यात मासे सोडायचे होते. मास्तरांनी आपले सगळ्यात देखणे बारा मासे निवडले. पहिली जोडी, जिच्यापासून सगळा संसार वाढला, तीही दिली. "एकही मरणार नाही," असं त्यांनी पत्रात लिहून कळवलं होतं.

सकाळी मासे माझ्यात सोडून मास्तर रिक्षा आणायला गेले. ललिता माझ्यापाशी उकिडवी बसली. तिच्या माहेरी गावाला निघालेलं माणूस उपाशी दाराबाहेर जात नसे. हातावर भाकरीचा तुकडा तरी ठेवतच. तिने इकडेतिकडे पाहिलं, परातीतला कणकेचा चांगला मोठा गोळा घेतला आणि चिमटीने तोडून पाण्यात टाकू लागली.

"खा रे बाप्पा. दोन दिसाचे उपाशी हा. पोरीले सासरी धाडतानी कोनी असं धाडते काय?"

मी ओरडलो. पण पिप्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? मासे तुटून पडले. उरलेली कणीक तिने तशीच आत राहू दिली आणि वर मांजरपाट बांधला.

मूर्तिजापूर येईतो पाणी पांढरं झालं होतं. बडनेऱ्याला सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते, माझ्या कडांना ढुशा देत होते. मी काय करणार होतो? पत्रा तो पत्राच. अमरावतीला शाळेत मुली ओंजळी करून उभ्या होत्या. ओमप्रकाशांनी फडकं सोडलं आणि एक मुलगी एवढंच म्हणाली, "अवो माय!"

कार्ड आलं. "बाराही मासे मेले. पाण्याला उग्र वास होता. डबा तपासावा." मास्तर ओट्यावर मटकन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"काहून वं ललिते, पान्यात काई पडलं तं नोतं न?"

मला वाटलं, आता सांगेल. घाबरेल, रडेल, पण सांगेल. तिने पदर मुठीत आवळला.

"मी कायले टाकू? पिप्याचाच वास सुटला असन. जुना झाला तो. परवा मले बी आला होता."

मित्रांनो, आठ दिवस मला घासणारे तेच हात! कणीक तिने मायेने टाकली, त्याचा मला राग नाही. हे बोलणं मात्र माझ्या जिव्हारी लागलं.

मास्तरांनी नवा डबा आणला. सोळाव्या खेपेला ललिता टाक्याकडे फिरकलीसुद्धा नाही, त्यामुळे मासे उपाशी गेले आणि जिवंत पोचले. कार्ड वाचून मास्तर म्हणाले, "पाहा, पिपाच खराब होता!" माझ्यावरचा आळ असा पक्का झाला. ललिता मान खाली घालून भांडी घासत राहिली.

मग मी राख भरायचा पिपा झालो, आणि पुढे कोंबडीचं खुराडं. एकदा भर दुपारी ललिता अंडी काढायला आली. घरात कुणी नव्हतं. माझ्या काठावर हात ठेवून म्हणाली, "माह्या चुकीचा बोल तुले लागला रे. पन आता त्याइले कोन्या तोंडानं सांगू?" सांगितलं तिने, पण कुणाला? सगळं पाहिलेला एकटा जो होता, त्यालाच.

सहासष्ट साली भंगारवाला दारात आला. मास्तर आतूनच म्हणाले, "देऊन टाक वं तो पिपा. बारा मासे मारले त्यानं."

ललिताचा हात माझ्या दांडीवर थांबला. इतकी वर्षं मी याच घडीची वाट पाहिली होती. तिने मला पदराने आतून पुसलं. नाक आत घालून वास घेतला, अगदी पहिल्यासारखा. मग मला भंगारवाल्याच्या हाती दिलं.

मित्रांनो, मासे कुठे धाडाल तर पाणी अर्धं ठेवा, आणि कितीही माया आली तरी दोन दिवस दाणा देऊ नका. हातून चूक झाली तर ज्याचं नुकसान झालं त्याला जाऊन सांगा. मुक्या वस्तूवर ढकलू नका, तिला उलटून बोलता येत नाही.

आता मारायची तर मारा लाथ. पण जठारपेठेत कधी देवमन मास्तर भेटले, तर माझा एवढा निरोप द्या, की त्या पिप्याला वास नव्हता.